पाच हात

सव्वीस उन्हाळे मी ही फरशी खरवडली.
जूनमध्ये शेवटची पिवळी बस गिरणीच्या वळणाआड गेली
की बाकं बाहेर काढायची, भिंतीला लावायची,
मग वर्षभराचं जुनं मेण, बुटांच्या काळ्या रेघा,
वाळून चिकटलेलं च्युइंगगम,
कुणाच्या तरी नाकातून आलेलं थेंबभर रक्त,
सगळं यंत्राखाली घालायचं.

नव्या मेणाचे पाच हात.
एक हात दिला की थांबायचं.
वाळेपर्यंत कुणीही पाऊल ठेवायचं नाही. मीसुद्धा.

त्या थांबण्यात मला ही इमारत कळली.
उत्तरेकडचा जिना दुपारी अडीचला कुरकुरतो,
कुणीच चढत नसताना.
ग्रंथालयातलं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.
ते मी कधी पुढे केलं नाही.

आता काउंटीनं ठरवलंय, शाळा बारा महिने.
पंचेचाळीस दिवस वर्ग, पंधरा दिवस सुट्टी.
मुलांचे चार गट, चार रंग,
कधीही बघा, तीन आत आणि एक बाहेर,
माझा बाप लाकडाच्या गिरणीत जायचा
तिथल्या पाळ्यांसारखं.
सुट्टीवर निघालेल्या बाईंनी आपला फळा, नकाशे, कासवाची पेटी
चाकांच्या कपाटात घालून ढकलत न्यायची,
त्यांच्या खोलीत दुसरा रंग येणार.
आणि मेण?
शनिवारी लावा, म्हणाले.

बैठकीला मी गेलो होतो. मागे दाराशी उभा.
मिसेस ट्रॅमेल यांनी तक्ता आणला होता,
उन्हाळ्यात मुलं किती विसरतात त्याची रेघ,
घसरगुंडीसारखी खाली आलेली.
डॉकरी म्हणाला, जुलैत तंबाखूची पानं तोडायला
पोरं कुठून आणू?
कुणीतरी हसलं : पोरं कधीची येईनाशी झालीत तुझ्याकडे,
यंत्र येतं.
एका बापाला समुद्रावरचं घर महिनाभर आधीच हवं होतं,
तो बराच वेळ बोलला.

मग स्वयंपाकघरातली ओझेला उठली.
ॲप्रन तसाच होता.
"मी तक्ता नाही आणला," म्हणाली, "मी पळ्या मोजते.
सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारी
तीच भांडी, तीच मुलं,
आणि दुपारी बारालाच पातेल्याचा तळ दिसतो.
शुक्रवारपर्यंत मग नेहमीसारखं.
एवढंच."

खाली बसली.
मिसेस ट्रॅमेल यांनीसुद्धा तक्ता गुंडाळला.

माझ्या खिशात कागद होता.
मेणाबद्दल लिहिलेला, दोन्ही बाजूंनी.
"मिस्टर प्युरिफॉय, तुम्हाला काही?"
मी मान हलवली. कागदाची आणखी एक घडी केली.

कुणाची बाजू खोटी, मला सांगता येत नाही.
मला एवढंच ठाऊक आहे :
नात निळ्या गटात, नातू पिवळ्यात,
संगणकानं असं वाटलंय.
तिची सुट्टी सुरू होते तेव्हा तो आत,
तो बाहेर येतो तेव्हा ती आत.
ओढ्याकाठी आमची सपाट बुडाची होडी आहे,
ती उचलून पाण्यात ठेवायला दोन पोरं लागतात.
एकट्यानं ती चिखलात फक्त वळते.
मी उचलू लागेन म्हणा,
शनिवार सोडून.

हा शेवटचा जुलै.
काल दोघांना बरोबर आणलं होतं.
शेवटचा हात नुकताच दिलेला,
लांबलचक व्हरांडा, पलीकडच्या दारातून ऊन,
छताचे सगळे दिवे खाली उलटे पेटलेले.
दोघं उंबऱ्याशी, मोज्यांवर.

टोबिननं विचारलं, "आजोबा, खोल आहे?"
"पाच हात."

त्यानं पाय मागे घेतला.
देसानं मोजे काढले.